उडालेला दात

वडजीच्या स्टेशन रस्त्यावरचं सत्तेचाळीस नंबरचं फाटक स्वयंचलित झालं, त्याला चार वर्षं झाली होती. पूर्वी तिथं गेटमन असायचा. पुढं रेल्वेगाड्या ताशी एकशेसाठनं धावू लागल्या, दिवसाला शंभरावर गेल्या, तेव्हा गेटमनची खोली पाडली आणि दोन्ही बाजूंना आपोआप खाली येणारे दांडे बसवले. दांडे रस्त्याच्या निम्म्याच रुंदीचे. कारण असं, की एखादं वाहन रुळांवर अडकलंच तर त्याला बाहेर पडायला वाट राहावी. त्या वाटेनं बाहेर पडता येतं तसं आतही शिरता येतं, हे लोकांना पहिल्या आठवड्यातच कळलं.

सुहास ठोंबरेला ते कळून घ्यायला दोन वर्षं लागली. तो एकावन्न वर्षांचा, वीस वर्षं शाळेची व्हॅन चालवणारा माणूस. बारा मुलं, सकाळी साडेसातची शाळा. उशीर झाला की शाळेचं दार बंद, आणि मग दिवसभर पालकांचे फोन. सात वाजून पाच मिनिटांनी फाटक पडायचं ते एक्सप्रेससाठी, आणि तिच्यामागे बहुतेक वेळा मालगाडी असायची. दहा-बारा मिनिटं तिथंच जायची.

एकदा पावसाळ्यात असाच उशीर झाला असताना त्यानं डावीकडे-उजवीकडे बघितलं, व्हॅन दांड्याला वळसा घालून नागमोडी आत घातली आणि पलीकडे काढली. रेल्वे दिसतही नव्हती. शाळा वेळेवर गाठली. दुसऱ्यांदा त्यानं एकाच बाजूला बघितलं. दहाव्या वेळी त्यानं मुलांसाठी त्याचा खेळ केला. तो म्हणायचा, "पाय वर! श्वास रोखा!" आणि बारा मुलं पाय उचलून, गाल फुगवून बसायची. रूळ ओलांडले की सगळी एकदम ओरडायची, "जिंकलो!"

त्याच वेळी त्याच रस्त्यानं वैजयंता कोळेकर पाण्याचे जार घेऊन जायची. तिची आणि सुहासची गाडी एकाच कंपनीची, एकाच बनावटीची, फक्त तिच्या गाडीत बाकांऐवजी जार ठेवायच्या लोखंडी घोड्या होत्या. ती फाटकाशी गाडी बंद करून थांबायची. तिचे वडील याच फाटकावर सव्वीस वर्षं गेटमन होते. एकदा सुहास तिच्या बाजूनं पुढं गेला, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती रस्त्यात उभीच राहिली. व्हॅनची काच ठोकून म्हणाली, "ठोंबरे, आत पोरं आहेत. माझ्या बापानं या रुळावरून माणसं गोळा केलीत, चादरीत. तुम्हाला एकदा सांगतेय."

"ताई, वीस वर्षांत खरचटलं नाही कुणाला," सुहास म्हणाला. मुलांच्या देखत ती बोलली याचा त्याला राग आला होता. त्या वर्षी रस्ता सुरक्षा सप्ताहात त्याचा शाल देऊन सत्कार झाला होता.

फाटकावर दोनदा कॅमेरे लावले, दोनदा कुणीतरी फोडले. तेव्हा तारेचा उपयोग करायचं ठरलं.

तार नवी नव्हती. रुळांच्या कडेनं, जमिनीत हातभर खोल, केसाइतक्या बारीक काचेची तार निरोप पोचवण्यासाठी आधीपासून टाकलेली होतीच. संशोधकांनी तिच्या एका टोकाला यंत्र बसवलं. ते सेकंदाला हजारो वेळा तारेत प्रकाशाचा ठिपका सोडतं. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात अतिसूक्ष्म दोष असतातच. त्यांच्यावरून प्रकाशाचा थोडा अंश माघारी येतो. जमीन हलली की काच किंचित ताणली जाते आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं परतला यावरून हालचाल नेमकी कुठं झाली हे कळतं. म्हणजे चाळीस किलोमीटरच्या तारेचा प्रत्येक मीटर एकेक कान झाला. लोक तिला कानतार म्हणू लागले.

आधी कानतारेनं रुळाचे तडे ऐकले, मग घसरणारी दरड. मग लक्षात आलं, की तिला वाहनांची चालही कळते. प्रत्येक गाडीचं वजन, चाकांमधलं अंतर, टायरची झीज, गिअरचे दात यांचा मिळून जमिनीत एक ताल उमटतो. वेग बदलला तरी चाकाच्या एका फेऱ्यात किती ठोके पडतात हे बदलत नाही. नंबरप्लेटवर चिखल फासता येतो, चालीवर नाही. म्हणून त्या वर्षापासून पासिंगला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या तपासणीला, येणारं प्रत्येक वाहन कानतार पुरलेल्या एका पट्टीवरून चालवत आणि त्याची चाल नोंदवून ठेवत.

ऑगस्टच्या शेवटी गावातल्या वर्तमानपत्रात बातमी आली. सत्तेचाळीस नंबरच्या फाटकावरची तीन महिन्यांची नोंद तपासून झाली होती. बंद फाटकातून गेलेली वाहनं पुष्कळ होती, पण त्यातलं एक एकसष्ट वेळा गेलं होतं. त्या वाहनाची खूण स्पष्ट होती. मागच्या एक्सलमधल्या गिअरचा एक दात उडालेला आहे, त्याचा चाकाच्या दर फेऱ्याला एक ठोका पडतो. वाहन पासिंगला आलं की सापडेल.

सुहास चहा पीत होता. तो ठोका त्याला माहीत होता. वर्षभर व्हॅनच्या मागून तो टक्, टक् येत होता आणि मुलं त्यावर टाळ्या वाजवायची. त्यानं पेपर घडी करून उशीखाली ठेवला, जणू घरात दुसरा पेपर कधी येणारच नव्हता.

त्याच दुपारी त्यानं व्हॅन पोपट मिस्त्रीच्या गॅरेजात नेली.

"मागचा एक्सल बदल. पूर्ण."

"अहो, दातच गेलाय एक. अजून दोन वर्षं ओढेल."

"बदल म्हटलं ना. आणि जुना वितळवायला टाक. आजच."

पोपटनं त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. सुहासच्या व्हॅनचं पासिंग पंधरा दिवसांनी झालं. पट्टीवरून व्हॅन मांजरासारखी गेली. शिक्का बसला. त्यानंतर तो फाटकाशी थांबू लागला. मुलं विचारायची, "काका, आज खेळ नाही?" तो म्हणायचा, "खेळ संपला." त्याला वाटलं, झालं गेलं संपलं, आपण सुधारलो, आता कुणाचं काही बिघडत नाही.

ऑक्टोबरमध्ये वैजयंताची गाडी पासिंगला गेली आणि पट्टीवर ठोका पडला. टक्, टक्. गाडी तिथल्या तिथं जप्त झाली, लायसन काढून घेतलं. एकसष्ट वेळा फाटक तोडणारं वाहन सापडलं, असं दुसऱ्या दिवशी छापून आलं. खाली तिचं नाव होतं, आणि ती गेटमनची मुलगी आहे हेही होतं.

सुहासला आधी काही उमगेना. मग तो धावत पोपटकडे गेला.

"वितळवायला टाक म्हटलं होतं तुला!"

"चालता माल वितळवायचा? तिचा एक्सल कधीचा वाकला होता, तिला घाई होती. मी बसवून दिला." पोपटनं आवाज खाली आणला. "काका, जुना एक्सल नोंद न करता बसवला म्हणून माझं गॅरेज बंद होईल. ती काय म्हणायचं ते म्हणू दे, मी नाहीच म्हणणार. तुम्हीही गप्प राहा. तुमचं काय जातंय?"

तंत्रज्ञांचीही चूक म्हणता येत नव्हती. सुहासच्या व्हॅनमध्ये बारा मुलं आणि त्यांची दप्तरं, वैजयंताच्या गाडीत भरलेले जार. वजन जवळपास सारखं, बनावट तीच, वेळ तीच. कानतार गाडी ओळखत नव्हती, गाडीचं दुखणं ओळखत होती. ते दुखणं आता वैजयंताच्या गाडीत होतं.

पाचव्या दिवशी भर दुपारी ती सुहासच्या घरी आली. सुहासची बायको सारिका पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसली होती. तिनं पाणी दिलं. वैजयंतानं ते हातातही घेतलं नाही.

"ठोंबरे, एक्सल तुमचा होता ना?"

सुहास उभाच होता. "कसला एक्सल?"

"ऑगस्टात पोपटनं तुमची व्हॅन खोलली. शेजारच्या टायरवाल्यानं बघितलं. तो म्हणतो, मला मध्ये घेऊ नका. पोपट म्हणतो, मी काही बसवलंच नाही. आता तुम्हीच राहिलात." ती थांबली. "मी जबाबात तुमचं नाव घेतलेलं नाही. घेतलं तर म्हणतील, पकडली गेली आणि आता सत्कार झालेल्या माणसाकडे बोट दाखवतेय. तुम्ही स्वतः सांगा. गुरुवारी अकराला सुनावणी आहे."

त्या एका क्षणात सुहासच्या डोळ्यांपुढून बारा पालक, शाळेचे मुख्याध्यापक आणि कपाटातली शाल असं सगळं जाऊन आलं. तो म्हणाला, "ताई, तुमची काहीतरी गफलत होतेय. मी फाटक कधी तोडलेलं नाही."

बोलताना तो तिच्या तोंडाकडे बघत होता, हे त्याला नंतर फार दिवस छळत राहिलं. नजर खाली घातली असती तर निदान तिला उत्तर तरी मिळालं असतं.

वैजयंता सारिकाकडे वळून म्हणाली, "येते वहिनी," आणि गेली.

मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला, थोडा चालला आणि थांबला.

"एक्सल आपण कधी बदलला होता?" सारिकानं विचारलं.

"सारिका, तू यात पडू नकोस."

"ऑगस्ट होता. गौरीच्या आधी. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, आवाज येतो म्हणून." तिनं कापड सुईखालून काढलं, दोरा तोडला. "ती पाण्याला शिवली नाही. आपल्या घरातल्या पाण्याला."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. ताट वाढायची, कपडे काढून ठेवायची. तो काही सांगायला तोंड उघडायचा आणि ती थांबून ऐकायची, आणि त्याला सांगायला तेच एक असायचं, म्हणून तो उठून व्हॅन पुसायला जायचा.

बुधवारी सकाळी फाटक पडलं तेव्हा सुहासची व्हॅन सगळ्यात पुढं होती. वैजयंता रोज थांबायची ती जागा आता मोकळी असायची. मुलं मागे गोंगाट करत होती. तेवढ्यात डाव्या बाजूनं एक स्कूटर आली. दोन मुली, कॉलेजच्या गणवेशात. चालवणारी जुई पाटणे. पाच वर्षं ती सुहासच्या व्हॅनमधून शाळेत गेली होती. तिनं त्याला ओळखलं, हसली आणि स्कूटर दांड्याच्या टोकाकडे वळवली.

"जुई! थांब!" त्यानं काच खाली करायच्या आधीच ती आत गेली होती. रुळांवर पोचताना दोघींनी पाय वर उचलले. गाल फुगवलेले. स्कूटर रुळाच्या फटीत डगमगली, सावरली, पलीकडे गेली. आणि मग त्यांच्यामागून ती निळी-पांढरी भिंत सुटली, आवाजासकट, व्हॅनच्या काचा थरथरवत. किती डबे गेले कुणास ठाऊक. सुहास स्टिअरिंग धरून बसला होता आणि पलीकडे काय आहे ते त्याला दिसत नव्हतं.

गाडी गेली. पलीकडे जुई उभी होती, एक पाय टेकून. तिनं हात हलवला. ओरडली ते त्याला ओठांवरून कळलं. जिंकलो.

व्हॅनमधली मुलं टाळ्या वाजवू लागली.

दांडा वर झाला. मागच्या गाड्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली. सुहासला व्हॅन पुढं नेता येईना. मुलांना दिसू नये म्हणून त्यानं रुमाल तोंडावर दाबून धरला.

गुरुवारी तहसील कचेरीच्या वरच्या मजल्यावर सुनावणी होती. सुनावणी घ्यायला देशमाने नावाच्या बाई आल्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, कमी बोलणाऱ्या. वैजयंता एका बाजूच्या खुर्चीत बसली होती. पोपट भिंतीला टेकून उभा होता. त्याला साक्षीला बोलावलं होतं. सुहास दारात उभा राहिला, आत आला, आणि कुणी नाव पुकारण्याआधीच बोलला.

"बाई, तो एक्सल माझ्या व्हॅनचा आहे."

देशमान्यांनी चष्मा खाली घेतला. "तुम्ही कोण?"

त्यानं नाव सांगितलं, काम सांगितलं. त्या लिहीत होत्या.

"एक्सल का बदलला?"

"खराब झाला होता."

तो शब्द त्याच्या तोंडून आपसूक गेला. इथं येऊनही. त्यानं वैजयंताकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती, त्याच्याकडून यापेक्षा जास्त काही येईल अशी तिची अपेक्षाच दिसत नव्हती.

"नाही," सुहास म्हणाला. "खराब वर्षभर होता. पेपरात बातमी आली, त्या दिवशी बदलला. लपवायला. एकसष्ट वेळा मीच गेलो. मुलं घेऊन. या ताई दर वेळी थांबलेल्या असायच्या. चार दिवसांपूर्वी त्या माझ्या घरी आल्या होत्या, मी त्यांना तोंडावर खोटं सांगितलं."

पुढचं लवकर झालं. पोपटनं मान खाली घालून कबूल केलं. वैजयंताचा जुना, वाकलेला एक्सल त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तसाच पडला होता. तो तिच्या गाडीला परत जोडून गाडी पट्टीवरून चालवली. मग ती वाकडी चाल कानतारेच्या जुन्या नोंदीत शोधली. ती सापडली. जून, जुलै, ऑगस्ट, रोज सकाळी फाटकापर्यंत येऊन थांबलेली, रेल्वे गेल्यावर निघालेली. एकदाही चुकलेली नव्हती.

तिची गाडी आणि लायसन आठ दिवसांत परत मिळालं. मधल्या काळात तिची निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती. पोपटचं गॅरेज तीन महिने बंद झालं. सुहासचं लायसन कायमचं गेलं. निकालाबरोबर त्याला एकसष्ट ओळींचा कागद मिळाला: तारीख, वेळ, व्हॅनचा वेग, आणि शेवटच्या रकान्यात व्हॅनचं मागचं चाक रुळावरून उतरल्यापासून रेल्वे तिथं पोचेपर्यंतचे सेकंद.

निकालानंतर कचेरीच्या जिन्यात त्यानं वैजयंताला गाठलं. हात जोडले.

"ताई, मला..."

"माझ्यासमोर नको," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "माझी गाडी मला मिळाली. मी तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत असेल तर ते मला जमणार नाही. आणि माझं सोडा, मी आत बसलेली नव्हते. बारा घरं आहेत. तिकडं जा."

तो घरी आला. सारिका त्याची वाट बघत नव्हती, पण तिनं दार उघडं ठेवलं होतं. त्यानं कागद तिच्या हातात दिला. ती शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचत गेली, एका ओळीवर थांबली. "चालत जा," ती शेवटी म्हणाली. "रिक्षानं जाऊ नका." आणि प्रत्येक घरी द्यायला म्हणून तिनं कागदाच्या बारा प्रती काढून आणल्या.

पहिल्या घरी त्याला आत घेतलं नाही. दुसऱ्या घरी आजोबांनी शिव्या घातल्या, तिसऱ्या घरी आई रडली आणि त्याच्या अंगावर कागद फेकला. जुईच्या घरी तो आधी जाऊन आला होता, ते घर बारांत नसतानाही. तिथं जुई आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. त्याला हे सगळं सोसत होतं. शिव्या ऐकताना छातीतलं काहीतरी थोडं सैल व्हायचं.

सातवं घर ऋषिकेश चौगुले यांचं. दुसऱ्या मजल्यावर. त्यांची स्वरा दुसरीत, व्हॅनमध्ये सगळ्यात लहान. ऋषिकेशनं दार उघडलं, हसून खुर्ची पुढं केली.

"बसा काका. ऐकलं सगळं. अहो, किती मनाला लावून घेता? नवा गाडीवाला रोज उशीर करतो, दोनदा दार बंद झालं शाळेचं. तुम्ही होता तेव्हा कसलीच काळजी नव्हती. सगळेच जातात हो फाटकातून. तुम्ही बिचारे सापडलात."

सुहास खुर्चीच्या कडेवर बसला. आतापर्यंतच्या सहा घरांत असं कुणी म्हणालं नव्हतं. इथून पायऱ्या उतरून जाता आलं असतं. चहा पिऊन जाता आलं असतं.

त्यानं कागद टीपॉयवर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. त्याच ओळीवर सारिका थांबली होती.

"एकोणीस जुलै. सात वाजून नऊ मिनिटं. शेवटचा आकडा बघा."

"एक पूर्णांक आठ," ऋषिकेशनं वाचलं. "म्हणजे?"

"सेकंद. स्वरा त्या दिवशी मागच्या बाकावर होती. दाराशी. तिथंच बसायचा हट्ट होता तिचा."

ऋषिकेशच्या चेहऱ्यावरचं हसू जागेवर राहिलं, पण डोळे बदलले. त्यानं कागद उचलून जवळ धरला. ओठ हलले. तो मनात काहीतरी मोजत होता, कदाचित एक पूर्णांक आठ म्हणजे किती ते. आतून स्वराचा आवाज येत होता, ती पाढे म्हणत होती.

"एकोणीस जुलै," तो हळू म्हणाला. "त्या दिवशी तिची परीक्षा होती. मी तुम्हाला फोन केला होता. कुठं आहात, लवकर चला म्हणून. तुम्ही म्हणालात, फाटकाशी आहे. मी म्हणालो..." तो थांबला.

काय म्हणाला होता ते सुहासला आठवत होतं. शब्दन्‌शब्द. सुनावणीतही ते सांगायचं त्याच्या जिभेवर आलं होतं.

"तुम्ही काहीही म्हणाला असाल," तो म्हणाला. "गाडी मी चालवत होतो."

ऋषिकेशनं मान वर केली नाही. आत पाढे थांबले. स्वरा दारात आली, सुहासला बघून तिचा चेहरा फुलला आणि ती पळत पुढं आली. तिच्या बापानं तिला मध्येच धरलं, उचललं आणि इतकं घट्ट आवळलं की ती "बाबा, दुखतंय" म्हणाली.

सुहास उठला. दाराबाहेर येऊन त्यानं चपला घातल्या. मागे दार लोटल्याचा आवाज आला आणि कडी सरकली. तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागला. उरलेले पाच कागद त्याच्या हातात होते, आणि पुढचं घर स्टेशनच्या पलीकडे होतं.